दोन सरकारं आणि एक डबा

डबा हातात देण्यापूर्वी अण्णा झाकणावर दोन बोटांनी टकटक करायचे. दोनदाच. मग कान किंचित कलता करून आवाज ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "भरलेला आहे. घ्या अक्का."

भरलेल्या डब्याचा आवाज बद्द येतो आणि रिकाम्याचा पोकळ, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बेंगळुरूतल्या एका कॉन्सुलेटच्या कॉरिडॉरमध्ये कळलं. जन्म पुण्यात गेला होता. तिथे डबे काही कमी पाहिले नव्हते, पण त्यांचा आवाज ऐकायला कुणी शिकवलं नव्हतं.

आमची ओळख झाली ती दोन सरकारांमुळे. युरोपातल्या दोन देशांच्या कॉन्सुलेट बेंगळुरूत एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत होत्या. देशांची नावं सांगत नाही. प्रोटोकॉलचं काम केलेल्या माणसाची जीभ तेवढी जडच राहते. दोघे सख्खे शेजारी, मधे एक नदी, पूर्वी एकमेकांशी भरपूर लढलेले आणि आता एकमेकांशिवाय पान न हलणारे, एवढं पुरे. अण्णा समोरच्या कॉन्सुलेटचे प्रोटोकॉल सहायक होते आणि मी आमच्या कॉन्सुलेटची. म्हणजे पाहुणा कुठे बसेल, झेंडा कुठे उभा राहील, कोण आधी बोलेल आणि कुणाला शेंगदाणा चालत नाही, हे सगळं बघणारी इथली माणसं आम्ही. युरोपातून येणारे अधिकारी तीन-चार वर्षांनी बदलायचे. अण्णा चोवीस वर्षं तिथेच होते.

मूळचे निपाणीचे. "आम्ही सीमेवरची माणसं," असं ते स्वतःची ओळख करून देताना पहिल्या वाक्यातच सांगून टाकत. बहीण कागलला दिलेली, बायको चिकोडीची. घरात मराठी आणि सासुरवाडीला कन्नड. निपाणीहून कागलला जाताना राज्य बदलतं, पण चहा बदलत नाही, हे त्यांचं आवडतं म्हणणं होतं. राहायला बेंगळुरूबाहेर होसकोट्याला. रोज बसने व्हाइटफील्डपर्यंत यायचे आणि पुढे मेट्रो. मीही व्हाइटफील्डचीच, त्यामुळे बऱ्याच सकाळी आम्ही एकाच डब्यात असायचो. म्हणजे मेट्रोच्या.

दुसऱ्या डब्याची गोष्ट मी नोकरीला लागले त्याच महिन्यातली. एका सकाळी ते समोरच्या दारातून आले, टकटक केली आणि एक स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. आत शेंगाची पोळी. "घरच्यांनी दिलीय. शेजार झाला नव्हं आता." डबा जुना, जाड पत्र्याचा. झाकणावर कोरलेलं नाव घासून घासून गेलेलं, खाली 'निपाणी' तेवढं वाचता येत होतं. मी पोळ्या खाल्ल्या, डबा लिंबू लावून लखलखीत घासला आणि दुसऱ्या दिवशी परत केला. वर 'थँक यू' लिहिलेली पिवळी चिठ्ठीही चिकटवली. पुणेरी टापटिपीचं कौतुक होईल अशी माझी खात्री होती.

दुपारी जेवणं झाल्यावर ते माझ्या खोलीत आले. दार लोटलं. समोर बसले नाहीत, उभेच राहिले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "अक्का, गावाकडं सगळे बरे आहेत नं? सासरी? माहेरी?"

मी म्हटलं, "बरे आहेत की. का हो अण्णा?"

"नाही, डबा रिकामा आला म्हणून विचारलं."

मला आधी वाटलं, हा माणूस परतफेडीचा खाऊ मागतोय. माझा चेहरा बघून तेच ओशाळले. मग खुर्चीच्या कडेवर टेकून त्यांनी समजावून सांगितलं, "रिकामा डबा एकाच घरातनं परत येतो बघा. ज्या घरात माणूस गेलंय. तिथनं भरून देत नाहीत आणि आपण अपेक्षा पण करत नाही. बाकी कुणाच्याही घरनं चिमूटभर साखर तर येतेच की. मी सकाळपासून जेवलो नाही, अक्का. म्हटलं, नवीन पोरगी, परक्या गावात, काय झालं असेल."

खरं तर आमच्याकडेही वाटीत साखर घालून देण्याची पद्धत होती. माझी आई द्यायची. मी ती आईच्या पिढीबरोबर सोडून दिली होती, इतकंच. दुसऱ्या दिवशी मी डबा मागून आणला, त्यात पाव किलो बाकरवडी भरली आणि नेऊन दिला. त्यांनी टकटक केली, ऐकलं आणि म्हणाले, "सरी, ठीक. आता बरं वाटलं." तेव्हापासून तो डबा कॉरिडॉर ओलांडत राहिला. लसणाची चटणी इकडे, साबुदाण्याची खिचडी तिकडे. माझी खिचडी ते खायचे हे मोठेपणच म्हणायचं, कारण ती मलाही आवडत नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल, जो कंपनीला 'आपली' म्हणतो. हे त्याच्या पुढे होते. ते सरकारला 'आमचं' म्हणायचे. "आमचं सरकार हवामानाच्या बाबतीत फार कडक आहे." "आमच्या मंत्र्यांना लसूण चालत नाही." निपाणीत जन्मलेला, युरोपाचं तोंडही न पाहिलेला हा माणूस 'आमचं सरकार' म्हणायला लागला की नवा माणूस गोंधळायचा. त्यांना त्या देशाच्या भाषेतले वीसेक शब्द यायचे आणि ते सगळे आदराचे होते. भांडायची वेळ आली तर त्या भाषेत त्यांची पंचाईत झाली असती.

खिशात कायम शिंप्याची टेप. टेबलावरचे दोन छोटे झेंडे ते स्वतः इस्त्री करायचे आणि काठ्या टेपने मोजायचे. दोन सुतांचा फरक आला तर उंच काठीखालचा लाकडी तळ घासून आणायचे, पण खुज्या काठीखाली कागदाची घडी घालायचे नाहीत. मी एकदा घालत होते तर म्हणाले, "नको अक्का. एकाला वर चढवायचं नाही. दोघं एका उंचीवर आले की झालं." कोण आधी, कोण नंतर, या आमच्या धंद्यातल्या कायमच्या डोकेदुखीवर त्यांचं औषध लग्नाच्या पंगतीतलं होतं. पंगत मोठी असली की दोन वाढपी दोन टोकांनी सुरुवात करतात. मग पहिलं पान कुणाचं हा प्रश्नच राहत नाही. दोन कॉन्सुल एका कार्यक्रमाला आले की फीत ते दोन टोकांनी कापायला लावत आणि स्वागताचे हार दोन बाजूंनी एकाच वेळी येत. युरोपातल्या लोकांना हे फार थोर राजनैतिक कौशल्य वाटायचं.

पण त्यांची खरी करामत होती ती कागदांच्या बाबतीत. दोन्ही कॉन्सुलेट मिळून काही कार्यक्रम ठरला की मसुदा इकडून तिकडे जायचा. ईमेल तर जायचीच, तरी ते त्याची एक प्रत छापून, फाइलीत घालून स्वतः आणून द्यायचे. आणि त्यांचा एक नियम होता. समोरच्यांनी लिहिलेलं काहीतरी, एखादी ओळ, एखादी तारीख, आपण मान्य केलेली असल्याशिवाय कागद परत पाठवायचा नाही. सगळं खोडून पाठवलं तर तो रिकामा डबा. त्यांच्या कॉन्सुल, एक उंच आणि कमी बोलणाऱ्या बाई, हा नियम ऐकून आधी हसल्या होत्या. सहा महिन्यांनी त्या स्वतःच बैठकीत विचारायला लागल्या, "डब्यात काय घातलंय?" 'डबा' हा शब्द त्या डब्बा असा जोर देऊन म्हणत, आणि ते दर वेळी मनातल्या मनात खूश होत.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. थोडं जुनाटही. खरं सांगायचं तर मी तेव्हा सगळ्यालाच जुनाट म्हणायचे.

मग दोन्ही देशांचे मंत्री एकदम बेंगळुरूत यायचं ठरलं. बेळ्ळंदूरच्या एका सभागृहात दोघे मिळून एक संयुक्त निवेदन वाचणार होते. स्वच्छ पाणी, हवामान, तरुणांना कामाचं शिक्षण, या तीन गोष्टींना दोन्ही सरकारं सारखंच महत्त्व देतात आणि भारतातली कामं यापुढे हातात हात घालून करतील, असा त्याचा मथितार्थ. पण निवेदनाला एक जोडपत्र होतं. मैत्रीची खूण म्हणून दोन्ही कॉन्सुलेट एकाच जागेत येणार होत्या. एक दार, एक स्वागतकक्ष, दोन झेंडे. आणि प्रोटोकॉल सहायक एक.

ते जोडपत्र मी तीनदा वाचलं. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत तेव्हा दर शुक्रवारी कुणाकुणाला घरी पाठवत होते आणि दर शुक्रवारी तो घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. अण्णांचं वेगळं होतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. मेट्रोत मी त्यांना विचारलं, "अण्णा, वेळ आलीच तर निपाणीला जाल?"

"जाऊन काय करू अक्का? तिथं आता मला कोण ओळखतंय? होसकोट्यात भाजीवाला पण 'कॉन्सुलेट सर' म्हणतोय. निपाणीत मी कुणाचा तरी धाकटा." ते हसले.

मसुदे सुरू झाले आणि नेमकं तिकडे, युरोपात, दोन्ही सरकारांचं बिनसलं. दोन देशांमधल्या त्या नदीच्या पाण्यावरून. कुणी कुठे किती पाणी अडवायचं, असला काहीतरी वाद. बातमी वाचून ते म्हणाले, "सीमा आणि नदी? मग यात मला काही शिकायचं नाही." पण चेहऱ्यावर काळजी होती.

आमचे साहेब, म्हणजे आमचे उपकॉन्सुल, त्या दिवशी भडकले होते. त्यांनी मसुद्यातला पाण्याचा सगळा परिच्छेद खोडला, खालच्या दोन सूचनाही खोडल्या आणि कागद माझ्या हातात दिला. मी तो घेऊन कॉरिडॉर ओलांडला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. निवेदन फिसकटलं की जोडपत्र फिसकटणार होतं. जोडपत्र फिसकटलं की आम्ही दोघं आपापल्या दारांत राहणार होतो.

त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "रिकामा आलाय, अक्का."

"हो."

"हा मी बाईंपुढं कसा ठेवू?"

मी दार लोटलं आणि मनातलं बोलून टाकलं. "अण्णा, जाऊ दे ना रिकामा. होऊ दे भांडण. आपल्या दोघांच्या नोकऱ्या राहतील."

त्यांनी कागद खाली ठेवला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "आपली सोय म्हणून दोन घरांत भांडण ठेवायचं?" एवढंच म्हणाले. मग चष्मा लावला. "स्वल्प थांबा. बसा. बघू या यात काय घालता येतंय."

अर्धा तास आम्ही त्यांच्या बाजूचा मसुदा वाचत बसलो. शेवटी त्यांना एक गोष्ट सापडली. कार्यक्रमाची सुरुवात शाळकरी मुलींच्या गाण्याने व्हावी असं त्यांच्या बाईंनी सुचवलं होतं आणि आमच्या साहेबांनी तेही खोडलं होतं. "साहेबांना विचारा, गाण्यानं कुणाची नदी आटते काय." मी परत गेले. साहेब कुरकुरले, पण गाणं ठेवलं. कागद त्या एका गाण्यासह तिकडे गेला. दुसऱ्या दिवशी तिकडून आमची एक तारीख मान्य होऊन आला. मग इकडून एक वाक्य गेलं. चार दिवसांनी पाण्याचा परिच्छेद जागेवर परत आला. त्यात आता नदीचं नाव नव्हतं, फक्त पाणी होतं. त्याला कुणाचीच हरकत नव्हती.

शेवटी जोडपत्रातली एकच ओळ उरली. प्रोटोकॉल सहायक कुणाचा. आमच्या साहेबांनी लिहिलं होतं, आमचा. त्यांच्या बाईंनी लिहिलं होतं, आमचा, चोवीस वर्षांचा अनुभव. ओळ तीनदा गेली आणि तीनदा आली. त्या दिवसांतही सकाळी मेट्रोत आम्ही शेजारी बसत होतो. डबाही चालू होता. त्या ओळीबद्दल दोघंही बोलत नव्हतो.

मंत्री शनिवारी येणार होते. गुरुवारी तिकडे कुणीतरी संसदेत नदीवर पुन्हा तिखट भाषण केलं. दुपारी चारच्या सुमाराला अण्णा फाइल घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवली आणि सवयीने फाइलीवर दोन बोटांनी टकटक केली. "भरलेली आहे." आणि वळून गेले.

मी उघडली. भाषणानंतर आम्ही नव्याने घातलेल्या सगळ्या सूचनांवर नकार होता. फक्त शेवटच्या ओळीपुढे, त्यांच्या त्या टपोऱ्या पेन्सिलीच्या अक्षरात, 'मान्य' लिहिलं होतं आणि खाली बाईंची सही. सहायक आमचा. म्हणजे मी.

पहिल्यांदा मला आनंद झाला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर लोक अशा वेळी फक्त डोळे भरून आल्याचं सांगतात. मला आनंद झाला, मी नवऱ्याला फोन केला, आणि फोन ठेवल्यावर मला माझी लाज वाटली. मग मी उठून समोरच्या दारात गेले. ते टेबलावर झेंड्यांना इस्त्री करत होते.

"अण्णा, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. जायचंच होतं की मला निपाणीला. घरच्यांची पण इच्छा आहे." त्यांनी मान वर केली नाही. "तो कोपरा धरा जरा. सुरकुती राहतेय."

मी कोपरा धरला. दुसरं काय करणार होते.

नेमकं काय घडलं ते मला त्यांच्या बाईंनी नंतर, निरोपाच्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी राजधानीतून त्यांना फोन आला होता की, आता आणखी काहीही सोडू नका. त्या कागद कोराच परत पाठवणार होत्या. ते म्हणाले, रिकामा पाठवता येणार नाही, मंत्री परवा येतायत. बाईंनी विचारलं, मग घालू काय, माझ्याकडे द्यायला काय उरलंय? त्यावर ते म्हणाले, ही एक ओळ आमच्या सरकारची नाही, माझी आहे. ही घाला. बाई हे सांगताना खिडकीबाहेर बघत होत्या. "मी त्याला दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही वेळा त्याने घड्याळाकडे बघितलं. समोरचे साहेब पाचला निघतात, म्हणाला."

शनिवारी बेळ्ळंदूरच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. दोन मंत्री, दोन गाड्या, एक आधी पोचला आणि एक नंतर, तर त्यावरून पुन्हा रुसवा, ही माझी भीती. पण अण्णांनी सकाळीच दोघांना एका गाडीत बसवून दिलं होतं. पाऊण तास दोघे शेजारी शेजारी अडकले आणि उतरले ते आपापल्या नातवंडांचे फोटो एकमेकांना दाखवत. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. मला हळूच म्हणाले, "ट्रॅफिकचे उपकार."

मुली गायल्या. निवेदन वाचलं गेलं, अर्धं एका मंत्र्याने, अर्धं दुसऱ्याने. दोन्ही देशांमधला स्नेह, समान उद्दिष्टं, पाणी, हवामान, तरुण. शब्द असे की ऐकताना कुणाचंही लक्ष उडावं. मी अण्णांकडे बघत होते. डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. त्यांना ते सगळं पाठ होतं. जोडपत्रासकट.

निरोपाच्या दिवशी त्यांनी मला डबा दिला, शेंगाच्या पोळ्यांनी भरलेला. मी म्हटलं, थांबा, लगेच रिकामा करून काहीतरी घालून देते. त्यांनी हात आडवा केला. "राहू दे तुमच्याकडंच. डबा तुमच्याकडं असला की येणं-जाणं राहतंय."

तसं ते राहिलंही. पुण्याला जाणाऱ्या बसेस निपाणीवरूनच जातात. दिवाळीला मी डबा फराळाने भरून एका ओळखीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे, ते हायवेवरच्या स्टँडवर येऊन घ्यायचे आणि फोन करायचे. "पोचला, अक्का. चकली स्वल्प मऊ आहे. पण चालतंय." तीन आठवड्यांनी डबा भरून परत यायचा. "एकदा उतरा की निपाणीला," असं दर वेळी म्हणायचे. मी दर सुट्टीत त्याच रस्त्याने पुण्याला जात होते. बस पहाटे निपाणीत थांबायची, मी पडदा सारून दिवे बघायचे आणि पुढच्या वेळी नक्की, असं म्हणून पुन्हा डोळे मिटायचे. अशा दोन दिवाळ्या गेल्या.

तिसऱ्या वर्षी डबा पाठवला तर फोन आला नाही. मी केला, तो लागला नाही. ड्रायव्हर म्हणाला, कुणीतरी येऊन घेऊन गेलं. मी कामात होते. आता आमच्या एकाच दारावर दोन झेंडे आहेत आणि दोन्ही सरकारांचे पाहुणे मलाच बघावे लागतात. नंबर बदलला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी डबा ऑफिसातच आला, कापडी पिशवीत. मी पिशवी उचलली आणि ती हलकी लागली. खाली टेबलावर ठेवली. डबा बाहेर काढला. मग झाकणावर दोन बोटांनी टकटक केली.

आवाज पोकळ आला.

चिठ्ठी नव्हती. ती कशाला लागते? उघडून पाहिलं तर डबा आतून-बाहेरून लखलखीत घासलेला होता. शेजारी टेबलावर त्यांनी सरळ करून ठेवलेले दोन झेंडे होते आणि मी तिथेच, ऑफिसच्या वेळात, रडले. एकच गोष्ट मनाला धरून ठेवली. ज्या घरात त्या वर्षी कढई चढणार नव्हती, त्या घरी नकळत का होईना, माझा फराळ पोचला होता.

डिसेंबरात मी बसचं तिकीट काढलं तेव्हा समोरच्या माणसाने सवयीने विचारलं, "पुणे ना, मॅडम?" मी म्हटलं, "निपाणी." बसमध्ये मांडीवर डबा होता. त्यात मी काही शोभेचं घातलं नव्हतं. आईची पद्धत आठवून गच्च साखर भरली होती.

घर विचारत विचारत सापडलं. दार अण्णांच्या घरच्यांनी, एका ठेंगण्या बाईंनी उघडलं. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाहीच, हातातल्या डब्याकडे पाहिलं. तो दोन्ही हातांनी घेतला आणि झाकणावर दोन बोटांनी टकटक केली. दोनदाच. ही सवय मुळात कुणाची होती, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी कान कलता करून ऐकलं, आणि दारातून बाजूला झाल्या.

"भरलेला आहे," त्या म्हणाल्या. "या अक्का, आत या."